उजव्या बाजूची सुरगाठ

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकलेले ते पण पुढं या, सतरंजी मोकळीच आहे. कीर्तन झालं, मृदंगाला खोळ चढली, खिरापत अजून ताटात यायची आहे. तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगतो. ही पोथीतली नाही. आपल्याच जालन्याची आहे, आपल्या कुंडलिकेच्या पाण्यातली. जिवाला लागेल, ते आधीच सांगून ठेवतो. पण एका माणसासाठी ऐका.

कडूबा भोई. जुन्या जालन्यातल्या मारुतीच्या देवळात अगदी शेवटच्या खांबाजवळ टाळ घेऊन उभा राहणारा. पासष्टीचा, किडकिडीत, पाण्यात राहून राहून पायांची कातडी पांढरी पडलेली. आवाज मात्र असा, की त्यानं धृपद उचललं की पुढचे टाळकरी मागं वळून बघायचे. गळ्यात माळ नव्हती. कीर्तनकार राजानंद महाराजांनी दोनदा विचारलं, तर म्हणाला, "पोटासाठी जीव मारतो महाराज, त्याचं नाव गळ्यात कसं बांधू? मी आपला कानानं ऐकतो. तेवढं चालतंय का बघा." महाराज हसले आणि त्याच्या कपाळाला बुक्का लावला.

कडूबाला लेकरू नव्हतं. थोरला भाऊ वारला तेव्हा भावाचा रामप्रसाद सहा वर्षांचा होता. त्याला कडूबानंच खांद्यावर वाढवला, पण नदीवर कधी नेला नाही. "कुंडलिकेत आठ महिने गटाराचं पाणी. ह्याच्यात काय धरशील?" असं म्हणून त्याला एका रोलिंग मिलमध्ये चिकटवून दिला. तिथं लाल सळई सापासारखी पळत येते, चिमट्यानं तिचं तोंड धरायचं आणि पुढच्या खाचेत घालायचं. बारा वर्षं रामप्रसादनं तेच केलं. गेल्या माघात एका सकाळी सळई उसळली आणि उजव्या हाताची चारही बोटं घेऊन गेली. अंगठा तेवढा राहिला.

जखम भरली. माणूस भरून आला नाही. जेवायला बसला की तोंड भिंतीकडं, कारण डाव्या हातानं घास घ्यावा लागतो आणि तो कुणी बघू नये. पंगतीला जाणं सुटलं. देवळात येणं सुटलं. प्रसादाला उजवा हात पुढं करावा लागतो. लेक प्रियदर्शनी शाळेतून आली की तो हात गोधडीत घालायचा. त्याची बायको द्वारकाबाई एक दिवस कडूबाला ओट्यावर गाठून म्हणाली, "मामंजी, रागावत न्हाईत, रडत न्हाईत. काल म्हणले, हाताचं काही उरलं न्हाई, मंग मी कशाला उरलो. मला ह्यायला एकटं सोडून कामाला जायची भीती वाटून राह्यली."

त्या दिवसापासून कडूबानं एकच गोष्ट मनात धरली. हा पोरगा उठला पाहिजे. देवळात, त्या शेवटच्या खांबाजवळ, आपल्या शेजारी येऊन उभा राहिला पाहिजे. देवाकडं त्याचं दुसरं मागणं उरलं नव्हतं.

यंदा पाऊस लांबला. भादव्यात घाणेवाडीचा तलाव भरून सांडला आणि कुंडलिका पुलाच्या कमानींना घासून वाहू लागली. घटस्थापनेपर्यंत पाणी जरा निवळलं. पुलाच्या तोंडालाच परवेजचं कोंबडीचं दुकान आहे. त्यानं एक दिवस कडूबाला रस्त्यातच अडवलं.

"चाचा, तुमच्या नदीत मगर आली. काल आतड्याची बादली धुवायला उतरलो, खालून असं खेचलं की बादली गेली, कडी तेवढी हातात राह्यली."

"मगर न्हाई रे. शिवडा असंल. तलाव सांडला तवा खाली आला."

"एवढा मोठा?"

"तुझ्या दुकानाचं गिऱ्हाईक झालंय ते. फुकट खाऊन फुगलंय."

"मंग उधारी वसूल करा न त्याच्याकडून," परवेज म्हणाला. "आतडी मी देतो. बिलकुल ताजी."

शिवडा म्हणजे बिनखवल्याचा, लांब मिशांचा मासा. तळाला पडून राहतो, आणि तोंड असं की नारळ आत जावा. कडूबानं आयुष्यात असे दोनच धरले होते. तिसरा एकट्यानं धरायची त्याला हौस नव्हती. तो थेट रामप्रसादच्या घरी गेला, गोधडीशेजारी बसला आणि म्हणाला, "म्हातारा झालो बाबा. एकट्याला ओढवणार न्हाई. तू नुसता संगं बस."

"माझा काय उपयोग, काका?"

"वजन तर हाय न तुझं? तेवढ्यावर भागंल."

रामप्रसाद हसला नाही, पण त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलंही नाही.

चार दिवस अंगणात चप्पू शिवायचं काम चाललं. आपल्याकडचा चप्पू म्हणजे काय, तर फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल एकावर एक ठेवायचं आणि बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या उसवून त्याला घट्ट खोळ शिवायची. माणसाएवढा लांब, मांडीएवढा रुंद. त्याच्यावर पाय पुढं लांब करून बसायचं. वल्हं नसतं. दोन्ही हातांत जुन्या रबरी चपला अडकवायच्या आणि दोन्हीकडून पाणी मागं सारायचं.

आणि इथंच देवानं, असं कडूबाला वाटलं, त्याचं मागणं ऐकलं. चपलेला बोटं लागत नाहीत. अंगठा पट्ट्याच्या बाहेर आणि तळवा आत, की झालं. पहिल्या दिवशी उजवी चप्पल दोनदा निसटली, तेव्हा द्वारकाबाईनं जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी कापली आणि नवऱ्याच्या मनगटाच्या मापानं चपलेला शिवून दिली. निळी चप्पल, लाल काठ. दुसऱ्या दिवशी रामप्रसाद डोहाच्या या काठापासून त्या काठापर्यंत गेला आणि परत आला. पाण्यावर त्याचे दोन्ही हात सारखे चालत होते. काठावरून बघणाऱ्याला कळलंच नसतं की एका हाताला बोटं नाहीत.

काठावरून बघत होता तो कडूबा.

एक अडचण राहिली. शिवड्याला हातानं ओढून काढता येत नाही. तोच चप्पूला ओढत नेतो, आणि ओढून ओढून दमतो. तोवर दोर धरून बसायचं. कडूबा दोर उजव्या मुठीत धरायचा. रामप्रसादला मूठ नव्हती, आणि एकट्या डाव्या हातानं तेवढी ओढ पेलत नाही. चप्पूला बांधावा तर दोर थर्माकोलला विळीसारखा चिरतो.

"पायाला बांधतो न," रामप्रसाद म्हणाला.

कडूबानं दोर उचलून मांडीवर घेतला. अंगाला दोर बांधायचा नाही, ही त्याच्या बापानं त्याला सांगितलेली पहिली गोष्ट. चाळीस वर्षं तो दुसऱ्यांनाही तेच सांगत आला होता. पण पोराच्या तोंडावर आठ महिन्यांनी काहीतरी हललं होतं, आणि 'नाही' म्हटलं की ते परत भिंतीकडं फिरणार, हे त्याला दिसत होतं.

"बरं," तो म्हणाला. "पण सुरगाठ मारीन. शेंडा वढला की मोकळी."

सुरगाठ तुम्ही रोज मारता. बैलाच्या दाव्याला, पोत्याच्या तोंडाला. एक शेंडा मोकळा सोडायचा, तो ओढला की सगळी गाठ सुटते. कडूबानं काठावर रामप्रसादच्या उजव्या घोट्याला ती मारून दाखवली. "वढून बघ." रामप्रसादनं मांडी घातली, वाकून डाव्या हातानं शेंडा ओढला, गाठ सुटली. परत मारली, परत सुटली. दोघांचंही समाधान झालं.

कोजागिरी झाली, देवळात काकडा सुरू झाला. तिसऱ्या दिवशी पहाटे कडूबा खांबाजवळ उभा होता आणि मागून कुणीतरी येऊन शेजारी उभं राहिलं. त्यानं वळून बघितलं नाही. टाळ वाजवत राहिला, पण ठेका दोनदा चुकला. काकडआरती झाल्यावर राजानंद महाराज लोणी-साखर वाटत आले. रामप्रसाद जरा थांबला. मग त्यानं उजवा हात पुढं केला. महाराजांनी त्या तळव्यावर लोणी ठेवलं, जसं सगळ्यांच्या हातावर ठेवत होते तसंच, आणि पुढं गेले. रामप्रसादनं तो हात तोंडाला लावला. देवळातून बाहेर पडताना म्हणाला, "काका, आज जाऊ डोहावर. आज मन झालंय."

कडूबाला त्या सकाळी सगळं जग भरलेलं दिसत होतं. कुणाच्या कशात काही उणं आहे, हे त्याच्या डोळ्यांना दिसायचं बंद झालं होतं. हे मी त्याची बाजू घ्यायला सांगत नाही. जे झालं ते कसं झालं, ते सांगतोय.

द्वारकाबाई भाकरीचं गठुडं घेऊन पुलापर्यंत आली होती. चपलेची पट्टी तिनं स्वतःच्या हातानं नवऱ्याच्या मनगटाला बांधली. "मामंजी, ध्यान ठेवा," एवढंच म्हणाली आणि कामाला गेली.

ऊन कमानीवर आलं होतं. पाणी गार होतं. रामप्रसाद चप्पूवर बसला, पाय लांब केले. कडूबा गुडघाभर पाण्यात त्याच्या शेजारी वाकला आणि गाठ मारली. रोज चप्पूवरच्या माशांच्या पेटीला मारायचा, तशीच. शेंडा त्यानं बाहेरच्या अंगाला, उजवीकडं ठेवला. त्याच्या हाताला तोच सोयीचा होता. समोर निळी चप्पल चढवलेला एक हात होता, तो त्याला पूर्ण दिसला.

आतडं लावलेला गळ तळाला गेला. कडूबा आपल्या चप्पूवर पंधरा हात मागं राहिला. परवेज पुलावरून बघत होता.

बराच वेळ काही नाही. मग दोर हलला, थांबला, आणि एकदम ताठ झाला. चप्पूचं तोंड आपोआप वळलं आणि तो चालू लागला. रामप्रसाद दोन्ही चपला वर धरून बसला होता.

"काका," तो मागं न बघता ओरडला, "बैल जुंपलाय गाडीला."

आणि हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. ते हसू पुलाच्या कमानीत घुमलं. परवेज वरून म्हणाला, "तिकीट काढलं का भाऊ?"

"विदाऊट," रामप्रसाद म्हणाला.

त्याचं हेच शेवटचं बोलणं.

डोहाच्या खालच्या टोकाला जुना फरशीपूल पडलेला आहे. त्याची शिळा तशीच पाण्यात आहे आणि तिच्यातून गंजक्या सळया बाहेर आल्यात. उन्हाळ्यात पोरं त्यांच्यावर कपडे वाळत घालतात. शिवडा त्या शिळेखाली घुसला. दोर सळईला अडकला आणि मासा पलीकडून ओढत राहिला. मागून वाहतं पाणी चप्पूला पुढं ढकलत होतं, पुढून दोर पायाला खाली ओढत होता. चप्पूचं तोंड पाण्यात गेलं. रामप्रसादच्या बुडाखालून तो सुटला, उसळला आणि रिकामाच वाहत निघाला.

"शेंडा वढ," कडूबा ओरडला. "रामप्रसाद, शेंडा."

छातीपर्यंत पाण्यात बुडालेला रामप्रसाद एका कुशीवर वळला होता. डाव्या हातानं त्यानं शिळेची कड धरली होती. ती सोडली की तोंड पाण्याखाली जाणार. उजवा हात घोट्याकडं गेला. कडूबानं बघितलं. निळी चप्पल शेंड्यावर आपटत होती. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ती शेंड्यावर नुसती घासत राहिली. मग त्यानं कड सोडली, डावा हात खाली नेला, आणि पाण्यानं त्याला पालथा केला.

कडूबानं उडी मारली तेव्हा प्रवाह त्याला शिळेच्या पुढं घेऊन गेला. पाण्याविरुद्ध परत यायला जो वेळ लागला, तो त्यानं नंतर कितीदा तरी मोजला. परवेजनं पुलावरून दोरखंड टाकला, तो धरून कडूबा शिळेपाशी आला. पाणी तोवर शांत झालं होतं.

भोयांची एक रीत आहे. बुडालेल्या माणसाला नावानं हाक मारल्याशिवाय हात लावायचा नाही. पोलीस बोलवायचे तेव्हा कडूबा आधी नाव विचारायचा, नाव कळलं नाही तर 'लेकरा' म्हणायचा. किती जणांना त्यानं अशी हाक मारून वर आणलं होतं. त्या दिवशी तो गळ्याइतक्या पाण्यात उभा राहिला आणि म्हणाला, "रामप्रसाद, चल बाबा. घरी चल." मग खाली गेला.

खाली काही दिसत नाही. हातानं चाचपायचं. पाय सापडला, घोटा सापडला, गाठ सापडली. शेंडा उजव्या अंगाला होता. कडूबानं तो दोन बोटांनी धरून ओढला.

गाठ लगेच सुटली.

सगळं त्याला तिथंच, पाण्याखाली कळलं.

शिवडा कुणाला सापडला नाही. गळ सरळ झाला होता. गावात दोन दिवसांत एकच बोलणं झालं: सळईनं आधी बोटं नेली, मंग माणूस नेला. ऐकायला ते असं बसलं की जो तो तेच म्हणू लागला. चहाच्या टपरीवर तेच, स्मशानात तेच. कडूबाचं नाव कुणीच घेतलं नाही. उलट, म्हाताऱ्यानं जिवाची पर्वा न करता उडी घेतली म्हणून लोक त्याच्या पाठीवर हात ठेवत होते. कडूबा गप्प राहिला. आधी बोलवत नव्हतं म्हणून. नंतर, गप्प राहणं सोपं होतं म्हणून.

तेराव्याला अंगणात कीर्तन झालं. राजानंद महाराजांनीही भोळेपणानं तेच सळईचं बोलणं घेतलं. दैवानं ज्याला धरलं त्याला ते सोडत नाही, असं म्हणाले. बाया रडल्या. कडूबा मागं टाळ घेऊन उभा होता. त्याचे टाळ थांबले. दैव घोट्याला गाठ मारायला पाण्यात वाकलं नव्हतं, हे त्या अंगणात त्याला एकट्याला माहीत होतं.

माणसं पांगली. संध्याकाळच्या उजेडात द्वारकाबाई पातेली घासत बसली होती. कडूबा तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"द्वारका, सळईचं सांगत्यात ते अर्धंच हाय."

तिनं घासणं थांबवलं नाही.

"गाठ मी मारल्ती. शेंडा उजव्या अंगाला ठेवला. माझ्या हाताच्या सवयीनं. त्याचा हात बघितलाच न्हाई मी. डाव्या अंगाला ठेवला असता तर सुटला असता."

तिचे हात थांबले. तिनं पातेलं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "दाखवा."

त्यानं सुतळी घेतली आणि स्वतःच्या उजव्या घोट्याला तशीच गाठ मारली. द्वारकाबाईनं हात धुतले, उजवा हात पदरात गुंडाळला आणि त्या गुंडाळलेल्या हातानं शेंडा धरायला बघितला. धरता येईना. एकदा, दोनदा. ती थांबली.

"चप्पल निघाली न्हाई का त्यायच्या हातातून?"

"न्हाई."

"कशी निघंल," ती म्हणाली. "त्या सकाळी मी चार टाके जास्त घातल्ते. वाहून जाऊ नये म्हणून. चप्पल निघाली असती तर अंगठ्यानं तरी काही केलं असतं त्यांनी."

कडूबानं वर बघितलं. ही बाई तेरा दिवस ते चार टाके एकटी घेऊन बसली होती. लोक सळई सळई म्हणत होते आणि हिला रात्रंदिवस चप्पल दिसत होती. तो आणखी गप्प राहिला असता, तर ती जन्मभर हेच धरून बसली असती, की मीच मारलं.

"टाक्याचं काही न्हाई पोरी. अंगठ्यानं ती गाठ सुटली नसती. गाठ माझी व्हती."

"टाके माझे व्हते."

आत प्रियदर्शनी कुणाला तरी पाणी देत होती.

"मामंजी," द्वारकाबाई म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलं असं म्हणणार न्हाई. म्हणवत न्हाई."

"नको म्हणू."

"पण जेवून जा. आणि इकडं तोंड करून बसा. ह्या घरात आता भिंतीकडं तोंड करून कुणी जेवायचं न्हाई."

तो जेवला. तिच्याकडं तोंड करून.

आता तो पाण्यावर जात नाही. त्याचा चप्पू परवेजच्या दुकानाच्या पत्र्यावर पडून आहे, उंदरांनी खोळ कुरतडली. कुणी सळईचं बोललं की तो थांबतो आणि म्हणतो, "सळई न्हाई, गाठ. गाठ मी मारल्ती." लोकांना अवघडतं, पण तो बोलतो. महाराजांनी तिसऱ्यांदा विचारलं, आता मासे सोडलेस, आता तरी माळ घाल. कडूबा म्हणाला, "तवा मासेच मारत व्हतो महाराज." महाराजांनी परत विचारलं नाही. कीर्तनाला मात्र तो येतो. आजही आलाय. शेवटच्या खांबाजवळ. मागं वळून बघू नका, त्याला अवघडेल.

ते बघा, खिरापतीचं ताट निघालं. प्रत्येकाच्या हातावर येईल. उजवा हात पुढं कराल, पाच बोटं मिटून प्रसाद धराल, तेव्हा त्याची आठवण ठेवा. तो कसा गेला, ते नका आठवू. बिनबोटांचा तळवा ज्यानं एका पहाटे याच देवळात लोण्यासाठी पुढं केला, आणि मग पाण्यावर दोन्ही हात वर धरून जो हसला, त्याची. नावानं ठेवा. रामप्रसाद.